ऑफिसच्या फोनवरचा व्हॉइसमेल: लाल दिव्यापासून परतीच्या फोनपर्यंत

सोमवारी सकाळी ऑफिसात शिरले की माझी नजर आधी टेबलांवरच्या फोनकडे जाते. ज्या फोनचा लाल दिवा लुकलुकतोय, तिथे शनिवारी दुपारनंतर कुणीतरी काहीतरी सांगून ठेवलंय. काही दिवे तासाभरात विझतात. काही मात्र गुरुवारपर्यंत तसेच लुकलुकत राहतात. ते बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण पलीकडच्या माणसाने आपलं काम सांगितलेलं असतं आणि आता तो आपल्या फोनची वाट बघत असतो.

मी एका ऑफिसातली फोनव्यवस्था सांभाळते. नवीन माणूस रुजू झाला की त्याला फोन देताना व्हॉइसमेल, म्हणजे फोन उचलला नाही तर पलीकडच्याचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवणारी सोय, समजावून सांगणं हे माझंच काम. दर वेळी तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढते आहे.

आपल्याकडे व्हॉइसमेलची सवय नाही, हे मान्य करूनच सुरुवात केलेली बरी. समोरच्याने फोन उचलला नाही तर आपण मिस्ड कॉल पडला असं समजतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाकतो. मोबाइलपुरतं ते चालतं. पण ऑफिसच्या बिलावर, लेटरहेडवर, टेंडरच्या कागदांवर नंबर छापलेला असतो तो बोर्डाचा, म्हणजे लँडलाइनचा. तुमचं एक्स्टेंशन लावणाऱ्या माणसाकडे तुमचा मोबाइल नंबर असतोच असं नाही. त्याला सायंकाळी सात वाजता ट्रक गेटवर अडकल्याचं सांगायचंय, आणि समोर आहे फक्त तुमचा व्हॉइसमेल. तिथे तो बोलेल की फोन ठेवून देईल, हे बऱ्याच अंशी तुमच्यावर आहे.

आधी विचारून घ्यायच्या चार गोष्टी

ऑफिसागणिक यंत्रणा वेगळी असते. जुन्या ईपीएबीएक्सला (ऑफिसातली सगळी एक्स्टेंशनं जोडणारी पेटी) व्हॉइसमेलचं वेगळं कार्ड बसवावं लागतं, नव्या आयपी यंत्रणेत, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कवर चालणाऱ्या फोनांत, ते आतच असतं. मी खाली जी बटणं सांगते आहे ती अ‍ॅस्टरिस्क आणि त्यावर चालणाऱ्या फ्रीपीबीएक्सची आहेत. अ‍ॅस्टरिस्क हे मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेलं मोफत सॉफ्टवेअर. लहान-मध्यम ऑफिसांच्या आयपी फोनमागे पुष्कळदा तेच चालत असतं, फक्त डब्यावरचं नाव वेगळं. तुमची यंत्रणा दुसरी असेल तर आकडे बदलतील, पण कामाचा क्रम साधारण हाच राहील.

फोन सांभाळणाऱ्या माणसाकडून चार गोष्टी लिहून घ्या: व्हॉइसमेल ऐकायला कोणता नंबर लावायचा, तुमचा मेलबॉक्स नंबर कोणता (बहुधा तुमचं एक्स्टेंशनच), सुरुवातीचा पिन काय, आणि किती सेकंदांनी फोन व्हॉइसमेलला जातो.

हा चौथा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, पण सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच असतात. आपल्याकडच्या लँडलाइनवर ऐकू येणारी ‘ट्रिंग-ट्रिंग’ आणि त्यानंतरची शांतता मिळून तीन सेकंदांचं एक चक्र होतं. म्हणजे पंधरा सेकंद ठेवले तर पाच रिंग. टेबलावर बसून काम करणाऱ्याला तेवढं पुरतं. स्टोअरमध्ये किंवा शॉप फ्लोअरवर असणाऱ्याला फोनपर्यंत पोचायलाच पंधरा सेकंद लागतात, आणि तो रिसीव्हर उचलतो तेव्हा कॉल गेलेला असतो. अशा एक्स्टेंशनला मी पंचवीस ते तीस सेकंद ठेवते. त्याहून जास्त नको, कारण दहा रिंगपर्यंत बहुतेक माणसं थांबतच नाहीत.

पहिल्यांदा आत शिरताना

हे काम फोन हातात आल्याच्या दिवशीच उरका. दहा मिनिटं लागतात.

१. स्वतःच्या टेबलावरच्या फोनवरून स्टार ९७ लावा. यंत्रणा तुमचं एक्स्टेंशन ओळखते आणि थेट पासवर्ड, म्हणजे तुमचा पिन, विचारते. दुसऱ्याच्या टेबलावरून लावायचं असेल तर स्टार ९८. मग आधी मेलबॉक्स नंबर विचारला जातो.

२. पिन दाबा आणि शेवटी हॅश दाबा. आवाज इंग्रजीत ‘पाउंड की’ म्हणेल. इथे बरेच जण अडखळतात. आपण ज्याला हॅश म्हणतो त्यालाच अमेरिकेत पाउंड म्हणतात, आणि हे सॉफ्टवेअर तिकडचं आहे. पिन तीनदा चुकला की कॉल तुटतो. घाबरू नका, पुन्हा लावा.

३. मुख्य मेनूत ० दाबा. इथे तुमच्या मेलबॉक्सची सगळी मांडणी आहे.

४. सगळ्यात आधी ५ दाबून पिन बदला. नवा पिन दोनदा द्यावा लागतो, दोन्ही वेळा शेवटी हॅश.

५. मग ३ दाबून फक्त तुमचं नाव रेकॉर्ड करा. ‘नमस्कार’ नको, हुद्दा नको, नुसतं नाव आणि आडनाव. तुम्ही स्वतःचा संदेश भरला नसेल तर यंत्रणा याच नावापुढे ‘उपलब्ध नाही’ अशा अर्थाचं वाक्य जोडते. नावही नसेल तर फोन करणाऱ्याला नुसता एक्स्टेंशनचा आकडा ऐकू येतो, आणि आपण बरोबर ठिकाणी फोन लावलाय की नाही हेच त्याला कळत नाही.

६. त्यानंतर १ दाबून ‘फोन उचलला नाही’ तेव्हाचा संदेश भरा, आणि २ दाबून ‘लाइन एंगेज आहे’ तेव्हाचा. बोलून झालं की हॅश. मग १ म्हणजे ठेवा, २ म्हणजे ऐका, ३ म्हणजे पुन्हा रेकॉर्ड करा. न ऐकता १ दाबू नका.

पिनबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे लोक फार निष्काळजी असतात. १२३४, ००००, स्वतःचं एक्स्टेंशन, जन्माचं वर्ष यांपैकी काहीही ठेवू नका. ‘माझ्या व्हॉइसमेलमध्ये चोरण्यासारखं काय आहे?’ असं मला नेहमी विचारतात. ब्रिटनमधलं ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हे १८४३ पासून चालत आलेलं साप्ताहिक २०११ मध्ये बंद पडलं ते लोकांचे व्हॉइसमेल चोरून ऐकल्याच्या प्रकरणामुळे. त्यातला बराच भाग कुणीच न बदललेल्या सुरुवातीच्या पिनमुळे शक्य झाला होता. २०१८ मध्ये इस्रायलच्या सायबर यंत्रणेने आणखी एका प्रकाराबद्दल सावध केलं होतं. चोर रात्री तुमच्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप सुरू करायला बघतो आणि पडताळणीचा कोड फोनवर बोलून मागतो. तुम्ही झोपलेले असता, म्हणून तो कोड व्हॉइसमेलमध्ये जाऊन बसतो. पिन ०००० असेल तर चोर तो ऐकतो आणि तुमचं खातं त्याच्या हातात जातं. ऑफिसच्या यंत्रणेत आणखी एक धोका आहे: काही ठिकाणी व्हॉइसमेलच्या आतून बाहेर फोन लावायची सोय चालू असते. पिन फुटला तर कुणीही तुमच्या कंपनीच्या खर्चाने परदेशी बोलू शकतो. गरज नसेल तर ही सोय बंदच करून घ्या.

स्वागताचा संदेश: इथेच सगळं ठरतं

माझ्या अनुभवात संदेश ठेवणारा माणूस राहतो की जातो, ते पहिल्या दहा सेकंदांत ठरतं. म्हणून या भागाला घाई करू नका.

आधी कागदावर लिहा. वाचून दाखवायला नव्हे, तर मध्येच ‘अं… म्हणजे…’ येऊ नये म्हणून. पंखा बंद करा. रिसीव्हरच्या माइकवर पंख्याचा वारा आला की असा खरखराट येतो की एसटी स्टँडवरून बोलल्यासारखं वाटतं. स्पीकरवर रेकॉर्ड करू नका, रिसीव्हर उचला आणि उभं राहून बोला. उभं राहिल्यावर आवाज मोकळा होतो, हे प्रत्यक्ष करून बघा.

मी नवीन लोकांना हा नमुना देते:

‘नमस्कार. मी खरेदी विभागातून (तुमचं नाव) बोलते आहे. आत्ता मी फोन घेऊ शकत नाही. यानंतर इंग्रजीत एक सूचना येईल आणि मग बीप वाजेल. बीप झाल्यावर तुमचं नाव, मोबाइल नंबर आणि काम सांगा. मी आजच दुपारी चारपर्यंत फोन करते. तातडीचं असेल तर शून्य दाबा.’

यातली प्रत्येक ओळ काहीतरी काम करते. नाव आणि विभाग सांगितल्यामुळे फोन बरोबर ठिकाणी लागल्याची खात्री पटते. इंग्रजी सूचनेची आगाऊ कल्पना मुद्दाम दिली आहे. अ‍ॅस्टरिस्कमध्ये तुमचा संदेश संपला की एक ठरीव इंग्रजी वाक्य येतं, ते अ‍ॅलिसन स्मिथ या कॅनडातल्या आवाज-कलाकाराच्या आवाजात आहे. आपला मराठी संदेश ऐकून बोलायला तयार झालेला माणूस मध्येच इंग्रजी बाई बोलायला लागली की गोंधळतो आणि फोन ठेवतो. फ्रीपीबीएक्समध्ये ही सूचना प्रत्येक एक्स्टेंशनपुरती बंद करता येते. ती बंद करून घेतलीत तर नमुन्यातली ती ओळ काढून टाका.

‘दुपारी चारपर्यंत’ हे तुम्हाला जमणार असेल तरच म्हणा. जमणार नसेल तर ‘उद्या सकाळी’ म्हणा. ‘लवकरात लवकर संपर्क साधू’ हे वाक्य मी सगळ्यांकडून काढून घेते. त्यात काहीच सांगितलेलं नसतं आणि ते ऐकणाऱ्याला कळतं. ‘शून्य दाबा’ ही ओळही ऑपरेटरकडे कॉल जायची सोय खरंच चालू असेल तरच ठेवा. आधी तपासा.

भाषेचा प्रश्न हमखास येतो. तुमचे पुरवठादार, ग्राहक मराठी असतील तर मराठीच ठेवा. बाहेरच्या राज्यातून बरेच फोन येत असतील तर मराठीनंतर हिंदीत दोनच वाक्यं: नाव काय आणि बीपनंतर बोला. तिन्ही भाषांत सगळं पुन्हा सांगायला गेलात तर संदेश एक मिनिटाचा होतो, आणि तेवढा वेळ कुणी थांबत नाही. पंधरा ते वीस सेकंद ही माझी मर्यादा. नेहमी फोन करणाऱ्यांना हेही सांगून ठेवा की संदेश चालू असताना हॅश दाबलं तर थेट बीपवर जाता येतं.

एंगेज असतानाचा संदेश वेगळा हवा. तिथे ‘मी दुसऱ्या फोनवर बोलते आहे, दहा मिनिटांत फोन करते’ एवढं पुरे. ऐकणाऱ्याला कळतं की तुम्ही जागेवर आहात, आणि तो निश्चिंत होतो.

सुट्टीवर जाताना

गणपतीला आठ दिवस गावी जायचं असेल तर नेहमीचा संदेश पुसून नवा भरू नका. परत आल्यावर पुन्हा सगळं रेकॉर्ड करावं लागेल, आणि तुम्ही ते करणार नाही. त्यासाठी तात्पुरत्या संदेशाची सोय आहे: मुख्य मेनूत ०, मग ४. हा संदेश असेपर्यंत बाकीचे दोन्ही बाजूला राहतात. त्यात परत येण्याची तारीख, तोवर कुणाशी बोलायचं त्याचं नाव आणि एक्स्टेंशन, एवढं सांगा.

परतल्यावर पुन्हा ० आणि ४ दाबा. तात्पुरता संदेश चालू असल्याचं यंत्रणा सांगेल. मग २ दाबून तो पुसा. नेहमीचा संदेश आपोआप परत येतो.

हे पुसायचं विसरलं की काय होतं ते मी जवळून पाहिलंय. एका वर्षी आमच्या एका विभागाचा दिवाळीचा संदेश जानेवारीतही वाजत होता. एका जुन्या पुरवठादाराने डिसेंबरात तीनदा फोन केला, तिन्ही वेळा ‘आम्ही दिवाळीच्या सुट्टीवर आहोत’ हे ऐकलं, आणि शेवटी विचारलं की तुम्ही कंपनी बंद केलीत का. त्यानंतर मी लॉगिन केल्यावर तात्पुरत्या संदेशाची आठवण करून देणारी सोय सगळ्यांसाठी चालू करून घेतली. तुमच्या फोनवाल्यालाही हीच विनंती करा.

संदेश ऐकणं

दिवा लुकलुकत असेल, किंवा साध्या फोनवर रिसीव्हर उचलल्यावर डायल टोन नेहमीसारखा सलग न येता तुटक येत असेल, तर नवा संदेश आहे. स्टार ९७ लावा, पिन द्या. किती नवे, किती जुने ते आधी सांगितलं जाईल. मग १ दाबा.

प्रत्येक संदेशाआधी तारीख आणि वेळ सांगितली जाते. ती नीट ऐका. एकदा मला एक संदेश पहाटे साडेचारचा ऐकू आला. मी घाबरले, वाटलं कुणावर तरी प्रसंग आलाय. फोन केला तर कळलं की त्या गृहस्थांनी सकाळी दहाला शांतपणे कोटेशनची आठवण केली होती. यंत्रणेचं घड्याळ भारतीय वेळेवर लावलेलंच नव्हतं, ते साडेपाच तास मागे चालत होतं. तुमच्याकडेही संदेशांच्या वेळा अशा साडेपाच तासांनी मागे दिसल्या तर कारण हेच असणार. फोनवाल्याला टाइमझोन बघायला सांगा.

संदेश चालू असताना स्टार दाबलं की थोडं मागे, हॅश दाबलं की थोडं पुढे, ० दाबलं की थांबतो. एका दाबाला साधारण तीन सेकंद. नंबर नीट कळला नाही तर अख्खा संदेश पुन्हा ऐकत बसू नका, दोनदा स्टार दाबा. हे एक बटण माहीत नसल्याने माणसं एकच संदेश चार-चार वेळा पहिल्यापासून ऐकतात.

संदेश संपल्यावर ५ म्हणजे पुन्हा, ६ म्हणजे पुढचा, ४ म्हणजे आधीचा, ७ म्हणजे पुसा. चुकून ७ दाबलं तर लगेच पुन्हा ७ दाबा, संदेश परत मिळतो. खरं पुसणं तुम्ही मेलबॉक्समधून बाहेर पडता तेव्हा होतं, त्यामुळे घाईत रिसीव्हर ठेवण्याआधी एकदा विचार करा.

८ दाबून तोच संदेश दुसऱ्या एक्स्टेंशनला पाठवता येतो. आधी तुमच्या आवाजात दोन वाक्यं जोडायची का, असं विचारलं जाईल. जरूर जोडा. ‘हा लातूरच्या डिलिव्हरीचा आहे, बिल नंबर त्यांनी शेवटी सांगितलाय, फोन तुम्ही करा’ असं सांगितलं की पुढच्या माणसाचा वेळ वाचतो. नुसता संदेश पाठवलात तर तो का पाठवलाय हे त्याला कळत नाही, आणि तुम्ही कळवलं म्हणून तुम्ही निवांत, त्याला कळलं नाही म्हणून तोही निवांत.

९ म्हणजे ठेवा. कोणत्या फोल्डरमध्ये ते विचारलं जातं: ० नवीन, १ जुने, २ काम, ३ कुटुंब, ४ मित्र. ऑफिसात मी फक्त काम वापरते. वाद होऊ शकेल असे संदेश तिथे ठेवते, म्हणजे तारखेचा, रकमेचा, मालाच्या तक्रारीचा काही शब्द दिलेला असेल ते. बाकी सगळं ऐकून, लिहून, पुसून टाकते. अ‍ॅस्टरिस्कमध्ये नेमून दिलेली मर्यादा नसेल तर एका फोल्डरमध्ये शंभर संदेश मावतात. त्यानंतर येणाऱ्याला मेलबॉक्स भरल्याचं सांगून परत पाठवलं जातं. पाहुणा दारातून परत गेल्यासारखंच ते.

लिहिण्यासाठी फोनजवळ साधी दोनशे पानी वही ठेवा. माझ्या वहीत चार रकाने आहेत: कधी आला, कुणाचा व नंबर, काम काय, परत फोन कधी केला. चौथा रकाना रिकामा असेल ती ओळ संपलेली नाही. दिवा विझला म्हणजे काम झालं असं वाटू लागतं, कारण संदेश एकदा ऐकला की तो जुन्यांत जातो. वहीतला रिकामा रकाना मात्र डोळ्यांसमोर राहतो. हे संगणकावर करणारेही आहेत, पण कानाला रिसीव्हर असताना उजव्या हाताला पेनच सोपं पडतं.

दुसऱ्याच्या व्हॉइसमेलवर बोलताना

फोन लावण्याआधीच मनाशी ठरवा की समोर बीप आली तर काय बोलायचं. क्रम असा: नाव, कुठून बोलताय, नंबर, काम एका वाक्यात, तुम्ही फोनवर कधी भेटाल, आणि पुन्हा नंबर. नंबर दोनदा, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी. तो शेवटीच सांगितला आणि नेमका तिथे आवाज तुटला, तर अख्खा संदेश वाया जातो.

मराठीत नंबर सांगण्याची आपली एक खास अडचण आहे. आपण जोडीने आकडे सांगतो: ‘एकोणऐंशी, त्र्याहत्तर, एकोणसत्तर…’ समोरासमोर ते सरावाने कळतं. फोनच्या लाइनवर आवाजाचा पट्टा अरुंद असतो, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ, आणि त्यात शब्दांच्या कडा बोथट होतात. एकोणसाठ की एकोणसत्तर, त्रेसष्ट की त्र्याहत्तर, सात की साठ, यात फार गफलत होते. म्हणून सुटे आकडे सांगा: सात, नऊ, सात, तीन, सहा… पाच आकडे, जरा थांबा, मग उरलेले पाच. ‘डबल आठ’ म्हणण्याऐवजी ‘आठ, आठ’ म्हणा. थांबा तेव्हा मनातल्या मनात ‘एक’ म्हणा. पलीकडचा माणूस लिहितोय, त्याच्या पेनाच्या वेगाने बोलायचं आहे.

नावं आणि गावंही तशीच सांभाळा. वडगाव म्हणालात तर कुठलं वडगाव ते सांगा, महाराष्ट्रात वडगावं कितीतरी आहेत.

संदेशात बँक खात्याचा नंबर, ओटीपी, पासवर्ड, कुणाच्या तब्येतीची किंवा पगाराची माहिती कधीही सांगू नका. तो संदेश कुणाच्या स्पीकरवर वाजेल ते तुमच्या हातात नाही. बोलून झालं की हॅश दाबा. त्यांच्या यंत्रणेत सोय चालू असेल तर पुन्हा १, २, ३ चा मेनू येतो, म्हणजे चुकलं असेल तर पाठवण्याआधी पुन्हा बोलता येतं. ही सोय आहे हे माहीत झालं की व्हॉइसमेलची भीती बरीच कमी होते. नुसता फोन ठेवलात तरी संदेश जातो.

पुण्या-मुंबईतून अमेरिकेतल्या ग्राहकांशी काम करणाऱ्यांना याची गरज रोजच पडते, कारण तिकडे ऑफिसच्या फोनवर संदेश ठेवणं ही साधी रीत आहे. तिथे ‘उद्या’, ‘संध्याकाळी’ असे शब्द टाळा. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं. त्यांचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतं. वार, तारीख आणि त्यांची वेळ सांगा: ‘मंगळवार, तुमच्या सकाळी साडेनऊला.’ बाकीचा हिशोब तुम्ही करा, त्यांच्यावर सोडू नका.

ईमेलवर आणि बाहेरून ऐकणं

बहुतेक यंत्रणा संदेशाची ध्वनिफीत ईमेलला जोडून पाठवू शकतात. फिरतीवर असणाऱ्यांनी हे जरूर चालू करून घ्यावं. साध्या वेव्ह फाइलमध्ये एक मिनिटाचा संदेश जवळपास एक एमबी होतो. दाबून लहान केलेल्या प्रकारात तोच साधारण शंभर केबीत बसतो. गावाकडे नेट कमी असेल तर दुसरा प्रकार मागा. एक सेटिंग मात्र नीट विचारून घ्या: ईमेल गेल्यावर मूळ संदेश पुसायचा का? हे ‘हो’ असेल तर फोनचा दिवा लागणारच नाही, आणि ती ईमेल स्पॅममध्ये गेली तर संदेश कायमचा गेला. मी ते ‘नाही’ ठेवते. संदेशाचं आपोआप लिखाण करून देणाऱ्या सोयीही मिळतात. कुणी फोन केला याचा अंदाज घ्यायला त्या बऱ्या, पण त्यातला नंबर फीत ऐकून पडताळल्याशिवाय लावू नका.

घरून ऐकायचं असेल तर मोबाइलवरून स्वतःचंच एक्स्टेंशन लावा. तुमचा संदेश वाजू लागला की स्टार दाबा, मग पिन आणि हॅश. पुढे सगळं तसंच.

काही अडलं तर

बटणं दाबूनही काहीच होत नसेल आणि फोन साधा, तारेचा असेल, तर त्याच्या तळाला किंवा कडेला पी आणि टी असं छोटं बटण असतं ते बघा. ते टी वर हवं. पी वर असताना फोन नुसते ठोके पाठवतो, आणि व्हॉइसमेलला ते कळत नाहीत. त्याला प्रत्येक बटणाचा दोन सुरांचा आवाज लागतो. आयपी फोन असून हेच होत असेल तर फोनवाल्याला ‘डीटीएमएफ मोड तपासा’ एवढं सांगा, त्याला समजेल.

सगळे कॉल रिंग न वाजताच व्हॉइसमेलला जात असतील तर बहुधा तुम्ही किंवा आधीच्या माणसाने ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू ठेवलंय. स्टार ७९ ने ते बंद होतं. कॉल दुसरीकडेच वळत असतील तर स्टार ७३ लावून बघा. आणि सगळे संदेश ऐकूनही दिवा विझत नसेल, तर फोन एकदा बंद-चालू करा. तरीही राहिला तर तो दिवा दुसऱ्या मेलबॉक्सचा असू शकतो, टेबल बदललेल्या लोकांच्या बाबतीत हे फार होतं. आधी त्या टेबलावर बसणाऱ्याचे संदेश तिथे पडून असतील. ते कुणाकडे द्यायचे हे त्याच दिवशी विचारा.

एवढं सगळं लावून झालं की आज ऑफिस सुटल्यावर स्वतःच्या मोबाइलवरून स्वतःच्या एक्स्टेंशनला फोन लावा. रिंग मोजा, आपला संदेश शेवटपर्यंत ऐका, बीपनंतर नाव आणि नंबर सांगा. उद्या सकाळी टेबलावर आलात की दिवा लागलाय का बघा, तो संदेश ऐका, आणि सांगितलेला नंबर वहीत बरोबर उतरतो का ते ताडून पाहा.